इंग्रजी 'रन' या क्रियापदाचे सगळे अर्थ आणि समानार्थी शब्द पाठ कसे करावेत?

करूच नका. समानार्थी शब्दांची यादी तर अजिबात नको. परळ-लालबाग भागातल्या एका रात्रशाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. या याद्यांपायी आमच्या स्टाफरूममध्ये जे वाद झाले ते आठवले की अजून डोकं तापतं, म्हणून लिहायला बसले.

आधी आवाका बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट'ची होती, सुमारे ४३० अर्थांची. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. आगगाड्या आल्या, यंत्रं आली, कॉम्प्युटर आले आणि प्रत्येकाने याच शब्दाला नवं काम लावलं. घोकून घोकून किती घोकाल?

आमच्याकडे एक ज्येष्ठ सर दरवर्षी यादीची झेरॉक्स वाटायचे. 'रन'समोर स्प्रिंट, डॅश, रेस, गॅलप, फ्ली. वाक्य एकही नाही. दिवसभर कँटीनमध्ये, गॅरेजमध्ये, सोसायटीच्या गेटवर राबून आलेली पोरं पेंगत पेंगत हे जपायची. त्यातला एक जवळच्याच टॉवरमध्ये पंप बघायचा. पालिकेचं पाणी आलं की खालची टाकी भरून घ्यायची आणि मग वरच्या टाकीत चढवायचं, हे त्याचं काम. एकदा तास संपल्यावर त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. स्टार्टरच्या पॅनलवर दोन दिवे, एकाखाली 'रन', दुसऱ्याखाली 'ट्रिप'. अक्षरांवर ग्रीसचे अंगठे उमटलेले. पंपावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं, 'डू नॉट रन ड्राय'.

"बाई, यादीत बघितलं. पंप जोरात पळवू नका, असंच ना?" आणि ट्रिप म्हणजे सहल, हेही त्याला यादीनेच शिकवलेलं. पॅनलवर मात्र त्याचा अर्थ बिघाड होऊन पंप आपोआप बंद पडणं.

मी विचारलं, खालची टाकी रिकामी असताना पंप चालू राहिला तर काय होईल? क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "सील जळेल की. पाण्यावरच थंड राहतं ते." म्हणजे त्या पट्टीचा अर्थ, पाण्याविना पंप चालवू नका, पोराला आधीपासून पक्का ठाऊक होता, यादीने मध्ये येऊन तो बिघडवला. सरांना सांगितलं तर म्हणाले, "पंपाचं इंग्रजी सिलॅबसमध्ये नाही."

दुसऱ्या दिवशी मी तो फोटोच वर्गात फिरवला आणि म्हटलं, आपापल्या कामातलं 'रन' शोधून आणा. लाँड्रीतला मुलगा कपड्यावरची पट्टी घेऊन आला, 'कलर्स मे रन', रंग जाईल. वॉचमनने भिंतीवरची सूचना उतरवून आणली, केबल या भिंतीमागून 'रन' होते. कँटीनवाल्याला 'रन आउट' म्हणजे संपणं हे कुणी शिकवायची गरजच नव्हती, सिलिंडर रोजचाच. सर म्हणाले, तास वाया घालवला. माझ्या मते त्या वर्षीचा तो सगळ्यात चांगला तास होता.

आता तुमच्यासाठी कामाचं. वाक्यात हा शब्द दिसला की कोण आणि काय, एवढं बघा. पुढे कर्म असेल आणि ते दुकान, मेस किंवा क्लास असेल तर चालवणं. यंत्र किंवा प्रोग्रॅम असेल तरी चालवणंच, पण त्यात सुरू करणंही आलं. कर्त्याच्या जागी पाणी, नाक किंवा अश्रू असतील तर वाहणं. रस्ता, पाइप, वायर असेल तर अमुकपासून तमुकपर्यंत जाणं. नाटक किंवा करार असेल तर तेवढा काळ चालणं. निवडणुकीला उभं राहण्याला अमेरिकेत 'रन' म्हणतात, ब्रिटिश माणूस तिथे 'स्टँड' म्हणतो. आपल्या 'चालणे'चं बघा ना. घड्याळ चालतं, दुकान चालतं, केस चालते आणि दहा रुपये सुटे नसले तर 'चालेल'. याची यादी कुणी पाठ केली होती?

शिवाय समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी बसतातच असं नाही. दुकान 'मॅनेज' करता येतं, 'स्प्रिंट' करता येत नाही. रोजे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ साली जो प्रसिद्ध समानार्थी कोश काढला, तो कल्पनेनुसार शब्द लावलेला होता. मनात कल्पना आहे पण नेमका शब्द सापडत नाही, अशा माणसासाठी. म्हणजे ज्याला ते शब्द आधीच माहीत आहेत, त्याच्यासाठी. नवशिक्याच्या हातात त्याची उष्टी यादी देणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

कोश घ्यायचाच तर शिकणाऱ्यांसाठीचा घ्या. हॉर्नबी नावाचे गृहस्थ जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण ओळखून असा कोश केला. १९४२ साली तो तिथेच निघाला आणि नंतर ऑक्सफर्डने छापला. त्याचा सगळा भर क्रियापद वाक्यात कसं बसतं यावर. 'रन'च्या नोंदीतलं रोज एक वाक्य वाचलंत तरी पुरे.

हे सगळं वाचणाऱ्या, बोलणाऱ्या, काम करणाऱ्या माणसासाठी सांगितलं. तुमची दहावी तोंडावर असेल तर शेवटच्या आठवड्यात यादी डोळ्यांखालून घाला, त्याला माझी हरकत नाही. पण बोर्डाच्या पेपरातही समानार्थी शब्द बहुधा उताऱ्यातूनच शोधायला सांगतात. तेव्हा सर, उतारा न वाचणाऱ्याला तो मार्कही मिळत नाही.