परदेशात ताईची शिकवणाऱ्या गुरूची परंपरा खरी आहे का, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाकडे सॅन होजेला सहा महिन्यांसाठी आला आहात, जवळच्या बागेत रोज सकाळी ताईची ही चिनी युद्धकला शिकायला जाता. शिकवणारे अमेरिकन गृहस्थ स्वतःला ‘क्वांगपिंग यांग शैलीच्या पाचव्या पिढीचे’ म्हणवतात. हे खरं कसं ओळखायचं, आणि ओळखायची गरज आहे का?

गरजेचं आधी सांगतो. गुडघे मोकळे व्हावेत, चार माणसं भेटावीत, सकाळ छान जावी एवढंच हवं असेल तर काही गरज नाही. मजेत जा. पण ही विद्या मुळातून शिकायची असेल तर गरज आहे. ताईची, शिंगयी आणि बाग्वा या तिन्ही ‘अंतर्गत’ म्हणवल्या जाणाऱ्या चिनी युद्धकला. त्यातलं खरं काम बाहेरून दिसत नाही. वजन कुठल्या पायावर आहे, कंबर आधी वळली की हात, खांदा सुटलाय की नुसता खाली पाडलाय, हे गुरू हात लावून दाखवतो आणि आपण त्याला हात लावून समजून घेतो. म्हणून कोणी कोणाला प्रत्यक्ष हात लावला होता, ती साखळी म्हणजेच परंपरा. गाण्यात समोर बसून घेतलेली तालीम आणि रेकॉर्ड ऐकून उचललेली चीज यांत जो फरक पडतो, तोच इथेही पडतो.

मी बे एरियात, म्हणजे सॅन होजे ते सॅन फ्रान्सिस्कोच्या या परिसरात, चौदा वर्षं आहे. पहिली दोन वर्षं मी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्या भिंतीवर चीनमधल्या एका नामवंत गुरूंबरोबरचा फोटो होता. मोठा, चौकटीतला. ‘माझे गुरू’ म्हणून ते तो दाखवायचे. वर्गाला जाता-येता तो फोटो मी शंभर वेळा पाहिला असेन. एकदा वर्ग सुरू व्हायला वेळ होता म्हणून जवळ जाऊन नीट पाहिला. मागे तीन रांगांत माणसं उभी होती, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, आणि टी-शर्टवर शिबिराचं नाव आणि तारखा. शुक्रवार ते रविवार. तीन दिवसांची ओळख होती ती. मी त्यांना आदराने विचारलं, त्याआधी किंवा नंतर तुम्ही त्यांच्याकडे किती दिवस राहिलात? त्यांनी विषय बदलला. मला फसवलं गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की दोन वर्षं मी ज्या चुका अंगात मुरवल्या त्या काढायला पुढे चार वर्षं गेली.

तेव्हापासून मी अशा बऱ्याच वंशावळी तपासल्या, स्वतःसाठी आणि मित्रांसाठी. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोक वाद घालतात तो साखळीच्या वरच्या टोकावर: चांग सान-फंग नावाचा ताओपंथी साधू खरंच होऊन गेला का, कला वूदांग डोंगरावर जन्मली की हनान प्रांतातल्या चेनजियागौ गावात. त्यावर तांग हाओ यांच्यासारख्या इतिहासकाराने 1930च्या दशकात चेनजियागौला जाऊन काम केलं आणि साधूची कथा बाजूला ठेवून त्या गावातल्या चेन कुळाकडे बोट दाखवलं. पण तुमच्यासाठी ते टोक महत्त्वाचं नाही. खोट जिथे असते ती जवळजवळ नेहमी शेवटच्या कडीत असते, म्हणजे समोर उभा असलेला शिक्षक आणि त्याने सांगितलेलं शेवटचं प्रसिद्ध नाव यांच्या मध्ये. आणि नेमकी तीच कडी तपासता येते, कारण ती माणसं परवापरवापर्यंत हयात होती.

आता तुमचीच गोष्ट घेऊ. क्वांगपिंग हे माणसाचं नाव नाही, जुन्या जिल्ह्याचं आहे. यांग शैलीचे मूळपुरुष यांग लुचान (1799–1872) त्याच भागातल्या योंगन्येनचे. ते चेनजियागौला चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले आणि पुढे बीजिंगला शिकवायला गेले. त्यांचा मुलगा यांग बानहौ (1837–1892). क्वांगपिंग परंपरेत असं सांगतात की यांग घराण्याने तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचू सरदारांना शिकवताना हात राखला आणि मूळ शिक्षण मोजक्यांनाच दिलं. त्यांतले एक वांग जियाओयू. वांग घोड्यांच्या तबेल्यात कामाला होते, बानहौंचा सराव ते चोरून पाहायचे, पकडले गेले. बानहौ म्हणाले, शंभर दिवसांत वाकून हनुवटी पायाच्या अंगठ्याला लावून दाखव, मग शिकवतो. वांग यांच्याकडून ही विद्या क्वो लिएन-यिंग यांच्याकडे आली, तेव्हा वांग शंभरी ओलांडलेले होते म्हणे. या कडीसाठी आपल्याला मुख्यतः क्वो यांच्या तोंडच्या शब्दांवरच विसंबावं लागतं. तो विश्वास ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवा, माझी त्याबद्दल तक्रार नाही. कारण क्वो स्वतः मात्र पक्के ऐतिहासिक गृहस्थ आहेत. 1965 साली ते तैवानहून सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि चायनाटाउनमधल्या पोर्ट्समथ स्क्वेअरच्या चौकात पहाटे शिकवू लागले. चिनी नसलेल्यांनाही त्यांनी दार उघडं ठेवलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. शिंगयी आणि बाग्वाही त्यांना येत होतं. विद्यार्थ्यांना ते एकाच आसनात बराच वेळ नुसते उभे करायचे. 1984 साली ते वारले.

आता बोटं मोजा. लुचान पहिली पिढी, बानहौ दुसरी, वांग तिसरी, क्वो चौथी. म्हणजे ‘पाचवी पिढी’ याचा अर्थ एकच: तुमचे शिक्षक खुद्द क्वो यांच्याकडे, 1965 ते 1984 या काळात, सॅन फ्रान्सिस्कोत शिकलेले असले पाहिजेत. त्यांचा जन्म 1950च्या आसपासचा असेल तर हिशेब सरळ बसतो. 1975चा असेल तर क्वो गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. अशा वेळी ते बहुधा क्वो यांच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे शिकलेले असतात, म्हणजे सहावी पिढी. त्यात कमीपणा काहीच नाही. पण एक पिढी गाळून सांगत असतील तर का गाळली, हे विचारायला हवं. ज्याने शिकवलं त्याचं नाव पुसून आजेगुरूचं लावणं मला फार लागतं.

हाच हिशेब इतरत्रही चालतो. यांग लुचान यांचे नातू यांग चंगफू 1936 साली गेले, त्यामुळे ‘मी थेट चंगफूंकडे शिकलो’ म्हणणारा माणूस आज हयात असणं जवळपास अशक्य. चंगफूंचे शिष्य चेंग मान-चिंग न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये 1964पासून शिकवत होते आणि 1975 साली गेले. त्यांचे तैवानमधले पहिल्या फळीतले विद्यार्थी बेंजामिन लो 1974 साली सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि 2018पर्यंत होते, म्हणून या भागात त्यांच्या हाताखालून गेलेले लोक पुष्कळ आहेत आणि एकमेकांना ओळखतात.

‘शिकलो’ आणि ‘शिष्य झालो’ यांतही अंतर आहे. आपल्याकडे गंडा बांधतात तसा तिकडे बायशी नावाचा विधी असतो. शिष्य गुडघे टेकतो, गुरूला चहा देतो, लिहिलेलं विनंतीपत्र देतो, आणि साक्षीला थोरले गुरुबंधू असतात. थोरलेपण वयाने नाही, कोण आधी आला यावर ठरतं. यांग चंगफूंचे थोरले चिरंजीव यांग शौचुंग 1949पासून 1985पर्यंत हाँगकाँगमध्ये शिकवत होते. त्यांच्याकडे येऊन गेलेले असंख्य, पण असे विधिवत शिष्य तीनच: एक हाँगकाँगचे, एक बॉस्टनला गेलेले, एक लंडनला. चौथा कोणी तसं सांगू लागला तर प्रश्न विचारायला हरकत नाही. ‘शिफू’ म्हणवण्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. चिनी भाषेत या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एकात ‘पिता’ हे अक्षर आहे, तो गुरूसाठी. दुसरा कुठल्याही कसबी माणसासाठी, स्वयंपाक्याला आणि टॅक्सीवाल्यालाही बिनदिक्कत वापरतात.

नावांच्या घोळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक शोध तिथेच अडतात आणि मराठी माणसाला इथे एक जन्मजात सोय आहे. चिनी भाषेत त आणि थ, प आणि फ, च आणि छ असा अल्पप्राण-महाप्राण फरक आहे. इंग्रजी कानाला तो धड ऐकू येत नाही, आपल्याला येतो. जुन्या रोमन लेखनपद्धतीत महाप्राण दाखवायला अक्षरापुढे वर एक छोटं चिन्ह द्यायचे. छपाईत ते चिन्ह गळालं आणि सगळं एक झालं. न्यूयॉर्कचे चेंग मान-चिंग आणि बीजिंगचे बाग्वाचे गुरू चेंग तिंग-ह्वा इंग्रजीत एकाच आडनावाचे दिसतात. मुळात पहिल्याचं आडनाव ‘चंग’च्या जवळचं, दुसऱ्याचं ‘छंग’. अक्षरंही वेगळी, कुळंही वेगळी. नव्या पद्धतीत पुन्हा पहिल्याचं स्पेलिंग पार बदललं आणि त्यांच्याच नावाने शोधणाऱ्याला ते सापडेनात. हाँगकाँगहून आलेल्यांची नावं कँटोनी उच्चाराची, ती आणखी निराळी. दोन वेगळ्या शैली इंग्रजीत सारख्याच ‘वू’ लिहिल्या जातात, एक वू च्वानयौ यांची आणि एक वू यूश्यांग यांची. आणि ताईचीतला ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, असं कोणी सांगितलं तर नम्रपणे मान हलवा पण लक्षात ठेवा: तो ‘ची’ अल्पप्राण आहे, त्याचा अर्थ परम टोक. प्राणशक्तीवाला तो ‘छी’. चांगले प्रामाणिक अमेरिकन शिक्षकही इथे चुकतात, त्यामुळे एवढ्यावरून कोणाला खोटं ठरवू नका.

म्हणून पहिलं काम हे करा: शिक्षकांना त्यांच्या गुरूंचं नाव चिनी अक्षरांत लिहून मागा. ज्याने दहा वर्षं एखाद्याच्या पायाशी काढली त्याला चिनी येत नसलं तरी गुरूचं नाव लिहिता येतं, निदान घरात कुठेतरी लिहिलेलं असतं. ते कागदावर मिळालं की शेजारच्या कुठल्याही चिनी आजोबांना दाखवा. शोधाचं अर्धं काम तिथेच होतं.

अंगावरूनही परंपरा दिसते. हे वाचून नाही, पाहून कळतं. चेंग मान-चिंग यांच्या धाटणीत मनगट सरळ आणि मऊ असतं, त्याला ‘सुंदर स्त्रीचा हात’ म्हणतात. माझ्या आताच्या वर्गात पंचाहत्तरीच्या एक बाई आहेत, त्या माझ्या मनगटाखाली दोन बोटं नुसती टेकवतात आणि थांबतात. बोलत काहीच नाहीत. मनगट मोडलेलं असेल तर ते मला त्या क्षणी कळतं. त्यांनाही त्यांच्या शिक्षकांनी असंच दोन बोटांनी शिकवलं होतं. वू च्वानयौ यांच्या शाखेत धड किंचित पुढे कललेलं असतं, चेन शैलीत पीळ आणि मधेच पाय आपटणं. मलेशिया, सिंगापूर, ऑस्ट्रेलियाकडून आलेला माणूस वर्गाच्या सुरुवातीला अंग सैल करण्याचे पाच प्रकार घेत असेल तर तो बहुधा ह्वांग शिंगश्येन (1910–1992) यांच्या शाखेतला. आणि कोणी घराण्याची गुप्त विद्या म्हणून 24 हालचालींचा संच शिकवत असेल तर तो संच 1956 साली चीनच्या सरकारी क्रीडा समितीने बसवलेला आहे. उत्तम संच आहे, मी स्वतः करतो, फक्त गुप्त नाही. क्वांगपिंगचा संच 64 हालचालींचा. तुमच्या वर्गात किती आहेत?

एक सांभाळायची गोष्ट. कागद नाही म्हणून कोणाला खोटं म्हणू नका. 1949 साली चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यावर झालेल्या स्थलांतरात आणि 1966 ते 76च्या सांस्कृतिक क्रांतीत अनेकांनी गुरूंची पत्रं, फोटो, तलवारी स्वतःच्या हाताने नष्ट केल्या, कारण त्या सापडणं धोक्याचं होतं. खऱ्या शिष्याकडे कागद नसतो पण आठवणी असतात. परदेशातली सुरुवातीची पुष्कळशी परंपरा तर अशा माणसांनी नेली ज्यांच्याकडे वंशावळ मागायचं कोणाला सुचलंही नसतं. गेर्डा गेड्डीस ही नॉर्वेची नर्तिका हाँगकाँगमध्ये चॉय हॉक-पांग आणि मग त्यांचा मुलगा चॉय काम-मान यांच्याकडे शिकली आणि इंग्लंडला जाऊन शिकवू लागली. तेच चॉय काम-मान पुढे सॅन फ्रान्सिस्कोला शिकवत होते. म्हणजे लंडनमधल्या एखाद्या वयस्क बाई आणि तुमच्या बागेपलीकडचे एखादे आजोबा गुरुबंधू-भगिनी निघू शकतात.

तुमच्या शिक्षकांना विचारायचे प्रश्न तीनच, आणि वर्ग संपल्यावर, चारचौघांत नाही. कुठे शिकलात, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि तुमच्याबरोबर आणखी कोण होतं? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. खरा माणूस त्यावर खुलतो. कोण उशिरा यायचा, कोणाला गुरूने किती वेळ उभं केलं, चौकात थंडी किती असायची, हे सांगत सुटतो. त्यांतलं एखादं नाव घ्या आणि त्या व्यक्तीला फोन करा. क्वो यांच्या काळातले लोक या भागात अजून आहेत, आणि कोण चौकात यायचं, कोण नाही, हे त्यांना पक्कं आठवतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्याही पाहायला मिळतात, शाळेचा पत्ता आणि साल जुळवायला त्या उपयोगी पडतात.

उत्तर आलं की इथेच खाली लिहा. नाव चिनी अक्षरांत मिळालं तर त्याचा फोटो टाका, पुढचं शोधायला मी मदत करतो.