पहिल्याच खेळात दुष्काळ आणताय?

टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत गोष्ट घडवायचा भूमिका-खेळ तू पहिल्यांदाच चालवणार, आणि त्यात दुष्काळ: विषय छान निवडलास. आधी एकच ठरव: धान्य संपलंय, की आहे पण लोकांपर्यंत पोचत नाही? दुसऱ्यात जास्त गोष्ट आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, माणसं उपासमारीने मरत होती, आणि तरीही धान्य भरलेली जहाजं देशाबाहेर जात होती. तसं एक जहाज तुझ्या खेळाडूंना दिसू दे. मग ते काय करतात ते बघ.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- प्रत्येक पात्राच्या जेवणाचा हिशेब. दोन सत्रांत सगळे कंटाळतात. त्यापेक्षा गावाच्या कोठाराचा एकच आकडा ठेव. ३०० माणसांना रोज साधारण २०० किलो धान्य लागतं. तो आकडा सगळ्यांसमोर घटू दे.
- खलनायक मेला की दुष्काळ संपला. पुढचं पीक हाती यायला महिने लागतात.
- भूक नुसती वर्णनात. ती निर्णयात आण: राखलेलं बियाणं आज खायचं की पेरायचं? याहून चांगला पेच मला अजून सापडलेला नाही.

जादूने अन्न बनत असेल तर पहिल्याच दिवशी त्यावर मर्यादा घाल. आणि हा विषय कुणाला जड जाणार नाही ना, हे खेळाआधी सगळ्यांना विचार. भाव, कर, वाहतूक यांचे नियम नंतर बघू.