कॉलेज बास्केटबॉल: दर्जा खरंच उतरला का?

प्रश्न: अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या लढती पहाटे उठून बघतो. आमच्या ग्रुपमधले जुनेजाणते म्हणतात, चांगली पोरं वर्षभरातच एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये जातात, आता उरलाय तो गाळ. हे खरं का?
– एक वाचक, माटुंगा

उत्तर: अर्धंच खरं. पॅट्रिक युइंग जॉर्जटाउनला आणि टिम डंकन वेक फॉरेस्टला पूर्ण चार वर्षं खेळले. तसे अव्वल खेळाडू आता चौथ्या वर्षापर्यंत सहसा थांबत नाहीत. पण त्याचं खापर ज्या नियमावर फुटतं, तो उलट कॉलेजच्या फायद्याचा आहे. २००६च्या ड्राफ्टपासून (ड्राफ्ट म्हणजे एनबीए संघांनी दरवर्षी केलेली नव्या खेळाडूंची निवड) अमेरिकन खेळाडू १९ वर्षांचा आणि शाळा संपून वर्ष झालेला असावा लागतो. म्हणूनच केव्हिन ड्युरँट टेक्ससकडून एक हंगाम तरी दिसला. त्याआधी कोबी ब्रायंट (१९९६) आणि लेब्रॉन जेम्स (२००३) कॉलेजची पायरीही न चढता थेट एनबीएत गेले होते.

खरा बदल २०२१मध्ये झाला. खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावता येऊ लागले आणि कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती गेली. त्यात कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या ठरावीक हंगामांत कोविडचा २०२०-२१ हंगाम कोणाच्याच खात्यात धरला गेला नाही, त्यामुळे अनेकांना जादा वर्ष मिळालं. ड्राफ्टमध्ये जेमतेम निवड होईल असा खेळाडू आता २२-२३व्या वर्षीही कॉलेजातच राहतो. अठरा वर्षांच्या पोराची उडी कितीही उंच असो, रिंगखाली तेविशीतल्या अंगापुढे त्याचा टिकाव लागत नाही. थोडक्यात, शिखरावरची मंडळी लवकर जातात, पण मधली फळी पूर्वीपेक्षा पक्व आहे.

मात्र ही गुणवत्ता सगळीकडे सारखी वाटली गेलेली नाही. पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. २०२५च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटचे सोळाही संघ चार बड्या कॉन्फरन्समधले (कॉलेजांच्या गटांमधले) होते, आणि उपांत्य फेरीत चारही विभागांचे अव्वल मानांकित पोहोचले. असं याआधी फक्त २००८मध्ये घडलं होतं. छोट्या कॉलेजने घडवलेला मोहरा मोठं कॉलेज उचलून नेतं, त्याचा हा परिणाम. २०२३मध्ये छोट्या फेअरली डिकिन्सनने अव्वल मानांकित पर्ड्यूला ६३-५८ हरवलं, हे उदाहरण हमखास पुढे केलं जातं. पण त्याच पर्ड्यूने पुढच्या वर्षी अंतिम फेरी गाठली! एका रात्रीच्या निकालावरून दर्जा ठरवू नये.

प्रश्न: मग दोन काळांतल्या संघांची तुलना करायची कशी? नुसता स्कोअर बघून चालेल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला मिळणारा वेळ मोजणारं घड्याळ, १९८५-८६मध्ये ४५ सेकंदांचं होतं, १९९३-९४पासून ३५ आणि २०१५-१६पासून ३० सेकंदांचं झालं. तीन गुणांची रेषाही २०१९-२०मध्ये मागे सरकून ६.७५ मीटरवर गेली. त्यामुळे जुन्या आणि नव्या टक्केवारीची थेट तुलना फसवी ठरते.

गुण मोजा ते दर १०० ताब्यांमागे. चेंडू हातात आल्यापासून समोरच्या संघाकडे जाईपर्यंत एक ताबा. ताबे काढण्यासाठी (फ्री थ्रो सोडून) एकूण शॉट्समधून आक्रमणातले रिबाउंड, म्हणजे आपलाच शॉट चुकल्यावर परत मिळवलेले चेंडू, वजा करा, त्यात टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू) मिळवा आणि फ्री थ्रोंची ०.४७५ पट मिळवा. समजा शॉट ६०, आक्रमक रिबाउंड १०, टर्नओव्हर १२, फ्री थ्रो २०. ताबे ७१.५ होतात. संघाचे गुण ७५ असतील, तर दर शंभरी सुमारे १०५. रिबाउंड वजा करायचे राहिले, तर हाच संघ ९२वर दिसतो आणि उगाच नालायक ठरतो. ही चूक फार होते.

प्रश्न: मुंबईतल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना हेच गणित लावावं का?
– एक वाचक, नागपाडा

उत्तर: लावा, पण बाद फेरीच्या दोन-तीन सामन्यांवरून निष्कर्ष काढू नका. उघड्या कोर्टवर वारा आणि घामाने निसरडा झालेला चेंडू असतो, तेव्हा लांबच्या शॉटची टक्केवारी इनडोअर सामन्यांच्या शेजारी मांडू नका. आकड्यांपेक्षा हे टिपा: दाबाखाली डाव्या हाताने ड्रिबल जमतं का, आणि चेंडू गमावल्यावर खेळाडू बचावाला धावत परत येतो की पंचांकडे बघत उभा राहतो. चौथ्या क्वार्टरमधले फ्री थ्रो वेगळे लिहून ठेवा. दमलेल्या पायांनी शॉट आखूड पडतो आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. असे चुकलेले थ्रो जास्त दिसले, तर त्या पोरात कौशल्य आहे, कमी आहे ती दमसास.