'बुला' म्हणजे गळू नव्हे, फोड

प्रश्न असा आला आहे : आजोबांच्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी 'बुला' लिहिलंय. मराठीत त्याला गळू म्हणायचं की पुटकुळी?

दोन्ही नको, सरळ फोड म्हणा. गळू खोलवर धरतं, ठणकतं आणि त्यात पू असतो. पुटकुळी फारच बारीक. बुला म्हणजे त्वचेच्या थरांमध्ये पाणी साचून टम्म फुगलेला मोठा फोड. काही पुस्तकं अर्ध्या सेंटिमीटरपासून पुढे बुला म्हणतात, काही एका सेंटिमीटरपासून. मूळ लॅटिन अर्थ बुडबुडा.

आपला 'फोड' संस्कृत 'स्फोट'वरून आला. जुन्या वैद्यकात 'विस्फोट' हे फोड उठण्याच्या रोगाचंच नाव होतं, बाँब फार नंतरचे. लिंग मात्र सांभाळा : अंगावर येतो तो फोड, फळाची करतात ती फोड.

फोडातल्या पाण्यालाही नेमका शब्द आहे, लस. फोड फुटला की लस वाहते. टोचायची 'लस' तीच. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या (गाईंना होणाऱ्या देवीच्या) फोडातला द्रव घेऊन एका मुलाला टोचला होता, हे आठवलं की दोन्ही अर्थ जुळतात.

आणि 'तळहाताच्या फोडासारखं जपणं'! हा वाक्प्रचार वैद्यकाच्या दृष्टीनेही चोख आहे. फोडावरची कातडी हीच त्याची मलमपट्टी. तिच्याखाली नवी त्वचा धरते आणि पाणी आपोआप जिरतं. म्हणून फोड फोडू नये, न चिकटणाऱ्या पट्टीने झाकावा. फुटलाच तर साबण-पाण्याने हलकेच धुवावा, पण वरची साल सोलू नये. भाजल्यावर लगेच वीसेक मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरावं. बर्फ आणि टूथपेस्ट दोन्ही वर्ज्य.

मात्र बुला हे रोगाचं नाव नाही, दिसलं त्याचं वर्णन आहे. बूट चावला, भाजलं, कीटक चावला, एखाद्या पदार्थाची किंवा औषधाची ॲलर्जी आली, जंतुसंसर्ग झाला, तरी फोड येतो. मधुमेहात कधी कधी काही निमित्त नसतानाही येतो. शिवाय शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेचे सांधे उसवते तेव्हाही. या शेवटच्या गटात मराठी विशेषणं कामी येतात. पेम्फिगस या आजारात फोड वरच्या थरात असतो, म्हणून तो लिबलिबीत आणि चटकन फुटणारा. तोंडातही जखमा होतात. पेम्फिगॉइड या दुसऱ्या आजारात तो खालून उठतो, म्हणून टरटरीत. हा बहुधा म्हातारपणी होतो आणि फोडांच्या आधी कित्येक आठवडे नुसती खाज असू शकते. ग्रीक 'पेम्फिक्स'चा अर्थही पुन्हा फोड किंवा बुडबुडाच!

या दोन्हींवर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं देतात. १९५०च्या सुमारास स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रोगी दगावत.

तेव्हा आजोबांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच : हे फोड कशामुळे, आणि त्वचेचा तुकडा तपासायला पाठवायचा का? ताप, डोळ्यांत किंवा तोंडात फोड, नवीन गोळी सुरू केल्यावर कातडी सुटू लागणं, यातलं काहीही दिसलं तर मात्र भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.