शून्यसुद्धा लिही

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय बेटा,

परवा तू आलीस, चहा गार होऊ दिलास आणि भरतपूर, चंबळ, कान्हा, ताडोबा अशी यादी माझ्यापुढे ठेवलीस. एप्रिलची सुट्टी वीस दिवसांची, पैसे मोजके. मैत्रिणीचे तीनशे जातींचे पक्षी बघून झाले, तुझे एकशे चाळीसच, मग आधी कुठे जाऊ, असं विचारलंस. तू गेल्यावर मला झोप लागली नाही. दीड तासात तू एकदाही वही काढली नाहीस. तिघऱ्याच्या धरणावर कादंब पक्षी किती होते म्हटलं, तर म्हणालीस, "खूप होते, काका."

खूप म्हणजे किती?

मी तुझ्याएवढा होतो तेव्हा शिवपुरी जिल्ह्यातल्या करैऱ्याला माळढोक होते. आपल्याकडे सगळे सोनचिरैयाच म्हणतात. 1981 साली खास त्यांच्यासाठी तिथे अभयारण्य झालं. मित्राच्या मामाकडे उतरलो, पहाटे शेतांच्या कडेनं चालत गेलो आणि दिसले. घरी येऊन आईला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लिहिलं मात्र काही नाही. वाटलं, हे कोण विसरणार? पुढे करैऱ्यातून तो पक्षी संपला. खूप वर्षांनी एका अभ्यासकानं मला विचारलं, महिना कोणता, किती होते, नर की मादी? मी दोन म्हटलं. मग म्हटलं, तीनही असतील. भला माणूस होता, काही बोलला नाही. पेनाला टोपण लावलं त्यानं. तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून सांगतो, तिथेच उभ्यानं लिही. तारीख, वेळ, जागा, आकडा. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या त्या वेबसाइटवर, आकड्याच्या जागी एक्स टाकायची सोय आहे, ती तू वापरतेस हे मी पाहिलंय. नको वापरूस. पन्नासच्या पुढे नेमकं मोजता येत नसेल तर दहा-दहाचे गट कर, अंदाज लिही आणि पुढे "अंदाजे" लिही. चालेल. आणि जो पक्षी असायला हवा होता आणि दिसला नाही, त्याच्यापुढे शून्य लिही. भरतपूरला 1960 च्या दशकात सायबेरियन क्रौंच दोनशेच्या आसपास यायचे. 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली. हे आज सांगता येतं, कारण कोणीतरी दर हिवाळ्यात मोजत होतं, आणि नंतरच्या रिकाम्या हिवाळ्यांतही मोजत राहिलं.

आता तुझी यादी. कान्हा, ताडोबा यंदा सोड. जिप्सीतच पैसे संपतील आणि सगळी गाडी वाघाच्या मागे धावेल. भरतपूरचे पाहुणे एप्रिलपर्यंत बहुतेक परतलेले असतात, ते डिसेंबरसाठी ठेव. चंबळला जा. मुरैना आपल्या दारात आहे, पुढे राजघाटाचा पूल. त्या दिवसांत पाणचिरे वाळूच्या बेटांवर अंडी घालतात. खालची चोच वरच्यापेक्षा लांब. ती पाण्यात बुडवून उडताना एकदा बघ. पण बेटावर पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. पक्षी उठला की अंडी उन्हात उघडी पडतात. पाणी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, कोल्हे चालत घरट्यांपर्यंत येतात. म्हणून एकदा जाऊन भागणार नाही. त्याच बेटावर आठवड्यानं पुन्हा जा. आधी घरटी किती होती, आता किती, लिही. मधे पाणी किती उतरलं, तेही लिही. वीस दिवसांत तीन फेऱ्या होतात. तुझे एकशे चाळीसचे एकशे बेचाळीस होतील फार तर. होऊ देत.

मी सत्तावीस वर्षं रविवारी तिघऱ्याला जातो. घरचे म्हणत, रोज तेच पाणी, तेच वारकरी आणि चक्रवाक पक्षी, काय मिळतं? लग्नं, बारशी चुकली, बोलणी खाल्ली. बहिणीचं मन दुखावलं, ते खरंच आहे. पण त्या धरणावर कोणत्या रविवारी काय होतं, हे सांगायला कपाटात वह्या आहेत. करैऱ्याचं माझ्याकडे काहीच नाही. मी हट्टी असेन, पण या बाबतीत चुकलेलो नाही, बेटा.

रविवारी सहाला फुलबागेपाशी ये. दुर्बिणी दोन आहेत. वही आणि शिसपेन मात्र तुझं तू आण. शाई पाण्यात पसरते.

तुझा,
काका