जांभळ्याचा हिरवा झाला, त्याबद्दल

चि. …,

डिसेंबरात व्हायोलेसीन हे गडद जांभळं रंगद्रव्य देणारा तुझा ई. कोलाय जीवाणू एप्रिलमध्ये हिरवा झाला आणि तुला वाटलं, नवं रंगद्रव्य हाती लागलं. फोटो पाहिला. रंग देखणा आहे. पण फोटोत फ्लास्क एकच. तुलनेसाठीचा, रंगाची जीन्स नसलेला कोरा फ्लास्क कुठंय?

व्हायोलेसीन बनवणारी पाच एन्झाइमं तुला पाठ आहेत. ए, बी आणि ई मिळून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंचा सांगाडा उभा करतात. डी आणि सी त्यावर हवेतला ऑक्सिजन चढवतात. डी अडला तर डीऑक्सिव्हायोलेसीन, लालसर जांभळं. सी आणि डी दोन्ही अडले तर प्रोडीऑक्सिव्हायोलेसीन, आणि ते हिरवंच असतं. म्हणजे तुझं नवं रंगद्रव्य बहुधा अर्ध्या वाटेवर अडकलेलं जुनंच आहे.

अडकलं का? २५० मिलीच्या फ्लास्कात तू निम्म्याच्या वर माध्यम, म्हणजे जीवाणूंचं खाद्यद्रव, भरलंयस. ऑक्सिजन शिरणार कुठून? ५० मिलीच भर, शेकरवर मिनिटाला १८० ते २०० फेऱ्यांनी (आरपीएम) हलव. दुसरं म्हणजे तुमचा शेकर फक्त तापवतो, थंड करत नाही. नाशिकच्या डिसेंबरात खोलीच गार, त्यामुळे २५ अंश लावलं की २५ मिळायचं. एप्रिलच्या दुपारी खोली पस्तिशीच्या पुढे गेली, की बटण २५ वर असलं तरी आत उकाडाच. त्या उष्णतेत एन्झाइमांच्या घड्या चुकतात आणि पेशीत नुसते गोळे साठतात. शेकर एसीच्या खोलीत हलव. ओडी, म्हणजे पेशींमुळे येणारा गढूळपणा, ०.५ झाला की फ्लास्क आधी गार कर, मगच जीन्स चालू करणारं आयपीटीजी घाल, ०.१ मिलीमोलर पुरे.

पण हे सगळे माझे अंदाज, आणि अंदाजावर तुला सोडायचं नाहीये. कोरा फ्लास्क लाव. खरं तर तीन लाव: एक रिकाम्या प्लास्मिडचा (जीन्स वाहून नेणारं डीएनएचं कडं, पण रंगाची जीन्स न घातलेलं), एक ए जीन मोडलेला, बाकी चार शाबूत, आणि एक पेशी न घातलेल्या माध्यमाचा. माध्यम, अँटिबायोटिक, आयपीटीजी, शेकर, सगळं तेच. दुसरा का, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. १९८३ साली स्यूडोमोनास या जीवाणूची नॅप्थलीन फोडणारी जीन्स ई. कोलायमध्ये घातली, तर पेशींनी चक्क नीळ बनवली. ई. कोलाय ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतोच. एखादं ऑक्सिजनेज, म्हणजे ऑक्सिजन चढवणारं एन्झाइम, भेटलं की इंडोलपासून नीळ व्हायचं पुढचं काम आपोआप होतं. तुझ्या फ्लास्कात तर अशी ऑक्सिजनेजं दोन आहेत, सी आणि डी. ए मोडला तरी रंग आला, तर तो व्हायोलेसीनच्या वाटेचा नाही.

वाइनरीतून द्राक्षाचा चोथा आणून माध्यमात घालायचा तुझा बेत आहे ना, त्याला तिसरा फ्लास्क हवाच. काळ्या द्राक्षाच्या सालीतलं अँथोसायनिन आम्लात लाल असतं, पीएच चढला की निळसर, पुढे हिरवटसुद्धा दिसतं. शिवाय ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करताना, साखर करपून तपकिरी होते ती वेगळीच. या रंगांचं श्रेय जीवाणूला देणार आहेस का?

मोजणी अशी कर. १ मिली कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० आरपीएमवर ५ मिनिटं फिरव, वरचं पाणी टाकून दे, गाळात १ मिली इथेनॉल घालून गाळ पांढरा पडेपर्यंत व्होर्टेक्सवर जोरात घुसळ. पुन्हा फिरव आणि वरच्या द्रावणाचा ४०० ते ७०० नॅनोमीटर पूर्ण स्कॅन घे. व्हायोलेसीन ५७५ च्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतं, तिथं शिखर येतं. नुसता ५७५ चा एक आकडा आणून दाखवू नकोस. शिखराचा आकार हवा. रंग आल्यावर पेशींची वाढ ६०० नॅनोमीटरवर मोजलीस तर फसशील, कारण रंग स्वतःच तिथला प्रकाश शोषतो. सुकं वजन घे.

कोऱ्या फ्लास्कावरून मी फार हेकट आहे असं तुमची बॅच म्हणते, कानावर आलंय. म्हणू दे. खोट्या रंगामागे सहा महिने घालवण्यापेक्षा माझा जाच सहा दिवस सोसलेला स्वस्त पडतो.

सोमवारी तुझा मूळ आणि हे तीन, असे चारही फ्लास्क लाव, लेबलं आधी चिकटव. २४ तासांनी पांढऱ्या कागदावर एका ओळीत ठेवून फोटो काढ. एकट्या फ्लास्कचा फोटो आला तर मी उघडणार नाही.