विनोदाचे शेपूट

प्रश्न : गेल्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असताना मी एक विनोद सांगितला, तो असा : "लक्ष्मी रस्त्यावर एक सतरंज्यांचे दुकान आहे. मालक भारी तिरसट, पण हजरजबाबी. माझा नाशिकचा मावसभाऊ, जो बँकेत आहे, तो मे महिन्यात दुपारी दीड वाजता तिथे गेला. शटर अर्धे खाली होते. त्याने वाकून विचारले, दुकान बंद आहे का? मालक म्हणाले, हो. मग आत तुम्ही काय करताय, असे त्याने विचारले, तेव्हा 'बंद ठेवतोय' असे उत्तर त्यांनी दिले, कारण पुण्यात दुकाने एक ते चार बंद असतात ना!" दोघे-तिघे कसनुसे हसले आणि एक काका "ऐकलाय" म्हणाले. माझे काय चुकले?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : विनोद चांगला आहे; चूक त्याच्या शेपटात आहे. ज्या शब्दांवर हसू फुटायचे ते शब्द 'बंद ठेवतोय' हे आहेत आणि त्यांच्यामागे आपण 'असे उत्तर त्यांनी दिले' हे चार शब्द व वर एक कारण जोडलेत. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे 'असे म्हणाले', 'असे विचारले' ही शेपटे आपसूक चिकटतात. लिखाणात ती खपून जातात, पण सांगताना ऐकणारा वाक्य पुरे होईपर्यंत हसू दाबून धरतो आणि एकदा दाबलेले हसू परत येत नाही. म्हणून 'मालक म्हणाले' हे आधी उरकावे, किंवा त्याहून बरे म्हणजे शेवटच्या प्रश्नोत्तरात कोण बोलले हे न सांगता केवळ आवाज बदलावा.

मालक हजरजबाबी असल्याचे आधीच सांगितल्यामुळे मंडळी उत्तर झेलायला सरसावून बसली, हे दुसरे नुकसान. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यावर आली की हसू येते, असे जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७९० मध्ये मांडले होते. आपल्या विनोदाला हे पुरते लागू पडत नाही, असे मला वाटते. येथे 'काय करताय' या प्रश्नाला रीतसर कामाचेच उत्तर मिळते, फक्त दुकान बंद असणे ही जी नुसती स्थिती होती, तिला मालक कष्टाचे काम करून टाकतात. मात्र ताण हवा, हे कांट यांचे म्हणणे खरे आहे, आणि नाशिक, बँक व मे महिना यांनी तो सैल केला. मावसभावाऐवजी 'एक गिऱ्हाईक' पुरेसे आहे. अर्धे शटर तेवढे ठेवावे, कारण त्यावाचून बंद दुकानातला मालक दिसणार कसा? एक ते चारची गोष्ट पुणेकरांना समजावणे म्हणजे शनिवार पेठेतल्या माणसाला तिथल्याच ओंकारेश्वराच्या देवळाचा रस्ता सांगणे होय. नागपूरच्या पाहुण्यांसमोर ती सांगावी लागेल, पण सुरुवातीला आणि ओघात.

सांगण्याच्या रीतीबद्दल 'नाट्यशास्त्र' या भरतमुनींच्या प्राचीन ग्रंथातला एक भेद उपयोगी आहे : स्वतः हसणे ते आत्मस्थ हास्य, दुसऱ्याला हसवणे ते परस्थ. विनोद सांगताना पहिले आवरावे. गिऱ्हाइकाचा प्रश्न किंचित चढ्या सुरात विचारावा, एक श्वास थांबावे आणि उत्तर हिशेबाच्या वहीतून मान वर न करता दिल्यासारखे द्यावे. त्याच ग्रंथात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या दिल्या आहेत. हा विनोद दुसरीच्या पुढे जाणारा नाही, तेव्हा सातमजली हास्याची आशा धरू नये.

उरले ते 'ऐकलाय' म्हणणारे काका. असे गृहस्थ प्रत्येक गच्चीवर असतात. पुढच्या वेळी शेवट त्यांनाच सांगू द्यावा. बहुधा ते 'असे म्हणाले' जोडतीलच.